बंद पडलेला थर्मोस्टॅट आणि भिंतीमागील वीज

आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्यांपैकी काही जण आज अमेरिकेत व कॅनडात स्थिरावले आहेत, आणि त्यांच्या आई-वडिलांपैकी अनेकांनी तेथील एखादा हिवाळा मुलाच्या किंवा मुलीच्या घरी काढलेला आहे. त्या घरांत जिन्यालगतच्या भिंतीवर तळहाताएवढे एक गोल वा चौकोनी यंत्र असते. घर किती उबदार ठेवावयाचे हे ते ठरविते. त्यास थर्मोस्टॅट म्हणतात. मोबाइलवरून त्यास आज्ञा देता येत असल्यामुळे सांप्रत त्याच्या नावामागे ‘स्मार्ट’ हे विशेषण लागले आहे. एखाद्या सकाळी मुले कामावर गेलेली असतात, बाहेरचे तापमान उणे पंधरा अंश असते आणि या यंत्राचा पडदा काळा झालेला दिसतो. घर हळूहळू थंड पडू लागते. अशा वेळी घरातल्या ज्येष्ठांनी काय करावे, आणि घराच्या मालकाने संध्याकाळी परतल्यावर दोष कोठे शोधावा, याविषयी हा लेख आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. पडदा काळा झाला म्हणजे थर्मोस्टॅट बिघडला, असा बहुतेकांचा समज होतो आणि शे-दोनशे डॉलर खर्चून नवा थर्मोस्टॅट आणला जातो. तोही लागत नाही, तेव्हा घरात गोंधळ उडतो. वस्तुतः या यंत्रास स्वतःची वीज नसते. त्याची वीज तळघरातून किंवा माळ्यावरून, फर्नेस नावाच्या तापयंत्रातून, शिसपेन्सिलीच्या शिशाहूनही बारीक तारांमधून भिंतीच्या पोटातून येते. त्या वाटेवर कोठेही अडथळा आला तरी दिसते एवढेच की भिंतीवरचा पडदा विझला. यास्तव शोध यंत्रापासून सुरू न करता विजेच्या उगमापासून सुरू करावा.

थर्मोस्टॅट हा शब्द आपल्याकडेही अपरिचित नाही. गिझरमध्ये आणि इस्त्रीत तो असतोच. ठरावीक उष्णता झाली की तो वीज तोडतो. घराच्या भिंतीवरील थर्मोस्टॅटचे मूळ काम याहून वेगळे नाही, आणि त्याची कुळकथा तर एका शिक्षकापासून सुरू होते. विस्कॉन्सिन राज्यातील एका अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक होते. खोलीतील तापमान पाहण्यासाठी शिपाई वेळोवेळी वर्गात येई आणि पाठात व्यत्यय येई. त्यावर उपाय म्हणून जॉन्सन यांनी असे उपकरण तयार केले की, खोलीचे तापमान बदलताच तळघरात घंटा वाजावी आणि शिपायाने तेथूनच उष्णता कमी-अधिक करावी. १८८३ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. पुढे १९५३ मध्ये हनीवेल कंपनीने बाजारात आणलेला गोल थर्मोस्टॅट अमेरिकेतील लक्षावधी घरांच्या भिंतींवर गेला. त्यात दोन धातूंची एक गुंडाळी आणि काचेच्या नळीत पाऱ्याचा एक थेंब असे. खोली गार झाली की गुंडाळी वळे, नळी कलंडे, पारा दोन तारांवर जाऊन बसे आणि मंडल पूर्ण होई. या यंत्रास स्वतःसाठी विजेचा एक कणही लागत नसे. ते निव्वळ एक बटण होते, मनुष्याऐवजी हवेने दाबले जाणारे.

आजच्या अडचणीचे बीज येथेच आहे. निव्वळ बटण असलेल्या यंत्रास दोन तारा पुरत होत्या, म्हणून त्या काळी बांधलेल्या असंख्य घरांच्या भिंतींत दोनच तारा ओवलेल्या आहेत. नव्या थर्मोस्टॅटला मात्र पडदा उजळवायचा असतो, वायफायशी संपर्क ठेवायचा असतो, दिवसभराचे हिशेब करावयाचे असतात. तो अखंड वीज मागतो. आणि त्यासाठी लागणारी तिसरी तार कित्येक घरांत नसतेच.

या तारांची ओळख करून घेऊ. फर्नेसमध्ये एक लहान ट्रान्सफॉर्मर असतो. तो घरातील १२० व्होल्टचा दाब २४ व्होल्टवर उतरवितो. त्याची क्षमता बहुधा ४० व्होल्ट-अँपिअर, म्हणजे पुरी पावणेदोन अँपिअरही नाही. इतका अल्प दाब आणि इतकी अल्प शक्ती ठेवण्याचे कारण सुरक्षितता होय. यामुळेच या तारा जाड पाइपातून न नेता भिंतीतून तशाच ओढता येतात. ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकापासून निघते ती ‘आर’ तार, म्हणजे पुरवठ्याची. दुसरे टोक ‘सी’, म्हणजे कॉमन, परतीची वाट. मध्ये ‘डब्ल्यू’ उष्णतेसाठी, ‘वाय’ थंडाव्यासाठी आणि ‘जी’ पंख्यासाठी. थर्मोस्टॅटने ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ आतून जोडले की फर्नेस पेटते. तोडले की विझते. जुन्या घरात भिंतीपर्यंत ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ एवढ्याच येतात. ‘सी’ फर्नेसपाशीच थांबलेली असते.

‘सी’ नसताना काही स्मार्ट थर्मोस्टॅट एक युक्ती योजतात. ‘डब्ल्यू’ तारेच्या पलीकडे असलेल्या रिलेतून किंवा गॅसच्या झडपेच्या वेटोळ्यातून ते इतका क्षीण प्रवाह ओढतात की झडप उघडू नये, पण आतली लहानशी बॅटरी मात्र भरत राहावी. अमेरिकेतील कारागीर यास सरळ वीजचोरी म्हणतात. आपल्याकडील तारेवर आकडा टाकण्याच्या प्रकाराची आठवण यावी असाच हा मामला आहे, फरक इतकाच की येथे चोर आणि धनी एकाच घरातले. काही फर्नेससोबत ही युक्ती वर्षानुवर्षे निर्वेध चालते. काहींसोबत मात्र ओढलेला प्रवाह रिलेला खरी आज्ञा वाटतो आणि फर्नेस उगाच टिकटिक करू लागते. शिवाय यात एक मूलभूत विसंगती आहे. फर्नेस चालू ठेवण्यासाठी थर्मोस्टॅटने ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ जोडून ठेवले की त्या दोन टोकांमधला दाब जवळजवळ शून्य होतो. मग ओढायचे तरी काय? म्हणून कडाक्याच्या थंडीत, फर्नेस तासन्‌तास चालू असते नेमक्या तेव्हा, बॅटरी भरणे कठीण होते. सप्टेंबरात बसविलेला थर्मोस्टॅट जानेवारीत दगा देतो त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

बॅटरीवरील हे अवलंबन किती नाजूक आहे याचा अनुभव २०१६ च्या जानेवारीत अनेक घरांनी घेतला. नेस्ट या कंपनीच्या थर्मोस्टॅटमध्ये त्याआधीच्या डिसेंबरात सॉफ्टवेअरचा बदल झाला होता. त्यातील दोषामुळे बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन थंडीत घरे गार पडली. कंपनीने ग्राहकांना यंत्र भिंतीवरून काढून, यूएसबी केबलने भरून पुन्हा लावावयास सांगितले. हा उपाय, ज्या थर्मोस्टॅटला पाठीमागे असे छिद्र आहे त्यांच्यासाठी, आजही तात्पुरता उपयोगी आहे. दोनएक तास भरल्यावर यंत्र चालले आणि काही दिवसांनी पुन्हा मेले, तर पुरवठा अपुरा आहे असे समजावे. भरूनही फर्नेस पेटत नसेल, तर ‘आर’ तारेवर वीजच येत नाही असा संशय धरावा.

आता घरी एकट्याच असलेल्या आई-वडिलांनी काय पाहावे? तळघरात फर्नेसच्या अंगाशी किंवा जिन्याच्या तोंडाशी दिव्याच्या बटणासारखे दिसणारे एक बटण असते, कधी त्यावर लाल पट्टी असते. ते फर्नेसचे मुख्य बटण होय. खोलीबाहेर पडताना दिवा मालविण्याची आपली सवय चांगली आहे, पण त्या सवयीने हे बटण कितीदा बंद झाले असेल याची गणती नाही. त्यानंतर वितरण-पेटीत ‘फर्नेस’ असे लिहिलेला ब्रेकर मध्येच अडकून राहिला आहे का ते पाहावे. तसा असल्यास पूर्ण खाली नेऊन एकदाच वर करावा. तो पुन्हा पडला तर हात लावू नये. तिसरी गोष्ट फर्नेसच्या दाराची. आदल्या दिवशी कोणी फिल्टर बदलला असेल, तर पत्र्याचे दार नीट बसलेले नसते. दाराच्या आत एक लहान सुरक्षा-स्विच आहे. दार केसभर उघडे राहिले तरी तो सारी वीज तोडतो, आणि त्यासोबत वरचा थर्मोस्टॅटही विझतो. दार वर उचलून खाचेत घट्ट बसविले की काम होते. या तीन गोष्टींना अवजार लागत नाही.

त्यापुढचे काम जाणत्या माणसाचे. मात्र तोवर थंडीशी गाठ आहे, म्हणून दोन सूचना. घर उबदार करण्यासाठी स्वयंपाकाची गॅसची शेगडी वा ओव्हन पेटवून ठेवू नये; बंद घरात कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्यास रंग नसतो, गंध नसतो आणि तो जीव घेतो. आणि घर फार गार होऊ लागले तर नळाची धार बारीक सोडून ठेवावी, बेसिनखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवावीत. नळातले पाणी गोठले की पाइप फुटतो, आणि त्या दुरुस्तीपुढे थर्मोस्टॅटचा खर्च किरकोळ वाटतो.

संध्याकाळी घरधनी परतला, त्याच्या हाती साधा मल्टिमीटर आहे असे धरू. फर्नेसच्या दाराला बहुधा एक इवलीशी काचेची खिडकी असते. तीतून आतल्या सर्किट-बोर्डवरचा दिवा दिसतो. दिवा लुकलुकत असेल तर बोर्ड जिवंत आहे. दिवा विझलेला असेल तर मुख्य वीज, ट्रान्सफॉर्मर किंवा फ्यूज यांपैकी एकाकडे वळावे. मुख्य वीज बंद करून दार काढले की बोर्डवर एक फ्यूज दिसतो. मोटारगाडीत वापरतात तोच पात्यासारखा, जांभळा असेल तर तीन अँपिअरचा, फिकट तपकिरी असेल तर पाचचा. तो अगदी किरकोळ मोलाची वस्तू. पण काळ्या पडद्याचे गूढ याच्यातच दडलेले असण्याचा संभव मोठा.

फ्यूज जळालेला निघाला तर नवा घालून मोकळे होण्याचा मोह आवरावा. फ्यूज आपणहून जळत नाही. ‘आर’ तार कोठेतरी ‘सी’ला वा फर्नेसच्या पत्र्याला चिकटली म्हणून तो जळतो. नवा थर्मोस्टॅट बसविताना वीज बंद केली नव्हती आणि दोन उघड्या तारांची टोके क्षणभर एकमेकींना लागली, हे सर्वांत सामान्य कारण. तसे घडले असेल तर नवा फ्यूज टिकतो. तसे घडलेले नसेल तर घराबाहेर जावे. थंडाव्याच्या यंत्राकडे जाणारी ‘वाय’ची जोडतार उन्हापावसात उघडी पडलेली असते. गवत कापण्याच्या यंत्राने ती सोललेली असते, कुत्र्याने चावलेली असते, नाहीतर उंदरांनी कुरतडलेली असते. फर्नेसच्या बोर्डवरून ती ‘वाय’ तार सोडवून नवा फ्यूज घालावा. फ्यूज टिकला तर दोष त्याच शाखेत आहे आणि हिवाळा असल्यास ती शाखा वसंतापर्यंत सुटी ठेवली तरी चालते. उष्णतेला तिची गरज नाही. अपवाद हीट पंपाचा, कारण तेथे बाहेरचे यंत्रच घर तापविते. फ्यूज पुन्हा जळाला तर थर्मोस्टॅटकडे जाणाऱ्या तारा एकेक करून सोडवीत जावे. वारंवार जळतो म्हणून मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणे हा निव्वळ अविचार होय. मग फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि जळण्यापूर्वी तापतो.

फ्यूज शाबूत आहे असे धरू. दार काढलेले असताना सुरक्षा-स्विच दाबून धरावा लागतो, आणि त्या कप्प्यात १२० व्होल्टही असतात, हे ध्यानी ठेवून मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावावा आणि बोर्डवरील ‘आर’ व ‘सी’ यांमध्ये मोजावे. २४ ते २८ व्होल्ट दिसले तर उगम ठीक आहे. शून्य दिसले आणि ट्रान्सफॉर्मरला १२० व्होल्ट पोहोचत असतील, तर ट्रान्सफॉर्मर गेला. आकडा वीसच्याही खाली रेंगाळत असेल, तर ट्रान्सफॉर्मरवर झेपेल त्याहून अधिक भार पडला आहे. आर्द्रता वाढविणारे यंत्र किंवा एखादे जादा उपकरण त्याच २४ व्होल्टवर कोणी जोडले आहे का ते विचारावे. मग भिंतीपाशी येऊन थर्मोस्टॅट त्याच्या पाटीवरून काढावा आणि तेथे तेच मोजमाप घ्यावे. खाली २४ आणि वर शून्य, म्हणजे तार मध्ये तुटली. एखादे चित्र टांगण्यासाठी ठोकलेला खिळा त्यास पुरेसा असतो. भिंतीवर ‘सी’ नसेल तर ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ यांमध्ये मोजावे. फर्नेस बंद असताना झडपेच्या वेटोळ्यामार्फत तेथेही सुमारे २४ व्होल्ट दिसावयास हवेत.

नेस्टच्या काही थर्मोस्टॅटमध्ये तांत्रिक माहितीचा एक पडदा असतो आणि त्यावर पस्तीसच्या आसपास व्होल्टचा आकडा पाहून पुष्कळ जण दचकतात. तो दोष नव्हे. २४ व्होल्ट हे एसी विजेचे परिणामी मूल्य आहे. तिच्या लाटेचा माथा १.४१ पट, म्हणजे सुमारे ३४ व्होल्टवर असतो, आणि यंत्र आतून त्या माथ्याशी व्यवहार करते. आपल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकलेल्यांना हे समीकरण आठवेल. त्याच पडद्यावर बॅटरीचा दाब ३.६ व्होल्टच्या खाली दिसला, तर यंत्र उपाशी आहे. वायफाय बंद करून ते प्राण वाचवीत असते. म्हणून मोबाइलवर थर्मोस्टॅट ‘ऑफलाइन’ दिसू लागला की पहिला दोष इंटरनेटच्या माथी मारू नये.

उन्हाळ्यातला एक प्रकार याहून फसवा आहे, आणि मला वाटते, विनाकारण सर्वाधिक थर्मोस्टॅट याच्यापायी बदलले जात असावेत. हवा थंड करताना यंत्रावर पाणी निथळते. ते बारीक नळीने बाहेर जाते. नळीत शेवाळ साचले की पाणी तुंबते. माळ्यावरचे पाणी छतातून गळू नये म्हणून पन्हाळीत एक फ्लोट स्विच बसविलेला असतो, आपल्या गच्चीवरच्या टाकीतील तरंगत्या चेंडूचाच धाकटा भाऊ. पाणी चढले की तो तरंगतो आणि वीज तोडतो. पुष्कळ ठिकाणी तो ‘आर’ तारेतच जोडलेला असतो. परिणाम असा की भर जुलैत भिंतीवरचा पडदा काळा. ब्रेकर ठीक, फ्यूज ठीक, बोर्डवरचा दिवाही चालू. रात्रभरात थोडे पाणी आटते, फ्लोट खाली बसतो आणि सकाळी थर्मोस्टॅट आपोआप जिवंत होतो. दुपारी पुन्हा मरतो. येण्या-जाण्याचा असा नेम दिसला की पाटीवरच्या तारा चाचपण्याऐवजी पन्हाळीत हात घालून पाहावा. नळी मोकळी केली की यंत्र पूर्ववत होते.

सर्व मोजमापे ठीक असतील तर निर्णायक परीक्षा एकच उरते. मुख्य वीज बंद करून फर्नेसच्या बोर्डवरील ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ तारेच्या लहान तुकड्याने जोडावेत, दार बसवावे आणि वीज सुरू करावी. फर्नेस पेटली तर ती निर्दोष आहे. दोष तारेत किंवा थर्मोस्टॅटमध्ये. रात्री दहा वाजता, कारागीर सकाळी येणार असताना, घर उबदार करण्याचा हा मार्गही आहे. परंतु या स्थितीत तापमानावर लक्ष ठेवणारे कोणी नसते. म्हणून माणसाने जागे राहून घर पुरेसे तापताच वीज बंद करावी. तुकडा जोडलेला ठेवून झोपी जाऊ नये.

कायमचा उपाय ‘सी’ तारेचा. भिंतीत नेहमी खरोखरच तार नसते असे नाही. पाच तारांची केबल ओवून तीनच वापरलेल्या असतात आणि निळी तार पाटीमागे गुंडाळून ठेवलेली सापडते. ती फर्नेसकडील टोकाला ‘सी’वर आणि इकडे थर्मोस्टॅटच्या ‘सी’वर जोडली की बहुतेक तक्रारी मिटतात. मात्र रंगावर विश्वास ठेवू नये. तार कोणत्या टर्मिनलवर जाते ते फर्नेसपाशी जाऊन पाहावे. तार नसेलच तर इकोबी आणि नेस्ट या दोन्ही नाममुद्रांचे फर्नेसपाशी बसविण्याचे एक छोटे उपकरण मिळते. ते असलेल्या तारांमधूनच काम भागविते. भिंतीतील सॉकेटमध्ये खोचण्याचा स्वतंत्र २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरही मिळतो, पण त्याची तार दिवाणखान्यात लोंबत राहते आणि दोन ट्रान्सफॉर्मर चुकून एकमेकांना जोडले गेले तर नवा घोटाळा होतो. माझे मत विचाराल तर, दोनच तारांच्या जुन्या घरात दोन सेलवर चालणारा साधा थर्मोस्टॅट लावण्यात काहीही कमीपणा नाही. वर्षातून एकदा सेल बदलले की तो निमूटपणे काम करतो.

एक इशारा राहिला. पाटी काढल्यावर बारीक रंगीत तारांऐवजी जाड काळ्या-पांढऱ्या वा लाल तारा आणि त्यांवर टोप्या दिसल्या, तर तेथेच थांबावे. ते विजेच्या भिंतीलगतच्या हीटरचे घर आहे, क्युबेकमध्ये अशी घरे पुष्कळ आहेत, आणि त्या तारांत २४० व्होल्ट असू शकतात. वर वर्णिलेला एकही उपाय तेथे लागू पडत नाही; २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट तेथे जोडला तर तो तत्क्षणी जळतो, आणि जोडणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकते.

आई-वडिलांना तिकडे बोलाविणाऱ्या मुलामुलींनी त्यांच्या आगमनापूर्वी एक कागद मराठीत लिहून फर्नेसच्या दारावर चिकटवावा. त्यावर मुख्य बटण कोठे आहे, ब्रेकरचा क्रमांक कोणता, फ्यूज किती अँपिअरचा, फिल्टर कधी बदलला आणि कारागिराचा दूरध्वनी क्रमांक एवढे असावे. जवळच त्याच अँपिअरचे दोन फ्यूज एका पाकिटात टांगून ठेवावेत, आणि दार कसे बसते ते त्यांच्याकडून एकदा काढून-लावून घ्यावे.